खांबाला विचारणारे चुलत सासरे

त्या दिवशी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. गोष्ट सांगताना आधी माणसं सांगायची, ही ज्यांची शिकवण, त्यांच्याबद्दलच हे आहे. घरात माझी सासू होती, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली नणंद यमुना होती, आणि मी होते. मालक आणि थोरले दीर शेतात होते. थोरली जाऊ तिच्या माहेरी सारंगखेड्याला गेलेली. सासरे दोन वर्षं आधीच वारलेले. आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे चुलत सासरे, सातपुड्यात तापानं पडले होते, ते अजून घरी पोचलेले नव्हते. ते घरात असते तर जे झालं ते झालं नसतं.

अख्ख्या तापीकाठावर मेलेल्या माणसांची इतकी काळजी करणारा आणि त्यापायी जित्या माणसांचा इतका जीव खाणारा दुसरा माणूस झाला नसेल. त्यांचं नाव मी घेणार नाही. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, चुलत सासऱ्याचंही नाही. ते जाऊन इतकी वर्षं झाली, मला आता कोण बोलणार आहे, पण जीभ वळत नाही. जन्मभर ज्या माणसानं नावं गोळा केली त्याचंच नाव मला घेता येत नाही. त्याला इलाज नाही.

हे वेड त्यांना कसं लागलं ते सासू सांगायची. तेव्हा ते तरणे होते. लग्न झालं, आणि वर्षाच्या आत बायको बाळंतपणात गेली, पोरही गेलं. त्याच साली आमच्या ब्राह्मणपुरी गावात भाट आला. दर काही वर्षांनी यायचा, लाल फडक्यात बांधलेली वही घेऊन. ओट्यावर बसायचा, घराण्यातली नावं सुरात वाचायचा, नवीन झालेली पोरं लिहून घ्यायचा, धोतरजोडी घेऊन पुढच्या घरी जायचा. त्या दिवशी त्यानं सगळं वाचलं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचे मुलगे तीन. चुलत सासरे म्हणाले, "आणि मन्ही बायको?" भाट म्हणाला, मूल राहिलं नाही, तिला कशाखाली लिहू? चुलत सासऱ्यांनी वही त्याच्या मांडीवरून उचलली, उलटसुलट केली, म्हणाले, "हाई बठा गडीच शेत. हाई गडी काय झाडले लागनात का?" हे सगळे पुरुषच आहेत, ते काय झाडाला लागले, हे ऐकून सगळा ओटा हसला. भाट चिडला. धोतरजोडी न घेता गेला म्हणे, आणि भाट धोतरजोडी न घेता गेलेलं आमच्या गावात तेवढंच एक घर.

ते आत आले. माजघराच्या उत्तरेच्या भिंतीपुढं उभे राहिले. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक कालवून शाई केली, आणि बोरूनं पहिलं नाव लिहिलं ते बायकोचं. तिथून सुरू झालं ते शेवटपर्यंत. आई, आजी, आजीची सवत, पणजी, दिलेल्या लेकी, आणलेल्या सुना, अंगणात मेलेल्या, विहिरीत मेलेल्या, नुसत्याच मेलेल्या. नावाखाली बारीक अक्षरात एकेक गोष्ट. ही कुणाशी बोलायची नाही. हिच्या हातची भाकरी फुगायची. ही वाघाला काठीनं हाणून आली, पण नवऱ्याला भ्यायची. कागदावर का लिहीत नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, कागद उंदीर खातो, वाळवी खाते, भिंतीला कोण खाईल? आणि एकदा भिंतीला दिलं की ते डोक्यात ठेवत नसत. डोकं लहान आहे, भिंत मोठी आहे, असा त्यांचा हिशोब.

शेतात त्यांचं लक्ष नव्हतं. कापूस वेचणीला आला की हे प्रकाशाला, शहाद्याला, तळोद्याला, जिथं कुठं म्हातारं माणूस शेवटच्या घटका मोजतंय असं ऐकू येईल तिथं. सासू त्यांची थोरली भाभी, तिला बोलायचा हक्क होता, आणि ती हक्क वाया जाऊ द्यायची नाही. एकदा ते निघाले तर ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "भाऊजी, मरेल मानसेसनी मोजदाद करता करता जित्या बैलले चारा टाकानं ऱ्हाई गयं." हे म्हणाले, "भाभी, बैल उद्या बी भुक्या ऱ्हाई. म्हातारी उद्यालोंग ऱ्हाई का?" आणि चपला हातात घेऊन गेले. चपला ते नेहमी हातातच घ्यायचे. झिजतात म्हणायचे.

मयताला तर ते सगळ्यात आधी पोचत. आमच्याकडं बाई मयतावर रडते ती नुसती रडत नाही, हेल काढून मेलेल्याचं सगळं चरित्र सांगते. कुणी विहीर खणली, कुणी कुणाला उपाशी ठेवलं, कोण कुणाच्या लग्नाला आलं नाही, सगळं त्यात येतं. चुलत सासऱ्यांचं म्हणणं होतं की माणूस कोर्टात खोटं बोलेल, मयताच्या रडण्यात बोलणार नाही. म्हणून ते बायकांच्या घोळक्यामागं भिंतीला टेकून बसायचे. तेवढ्यावर राहते तर ठीक. पण एकदा सोनवणेंच्या म्हातारीवर तिची भाची रडत होती, अगदी सूर लागलेला, आणि हे मागून म्हणाले, "जरा थांब वं बाई. आत्ते जे म्हनलीस, ती इहीर म्हातारीना बापनी खंदी का सासरानी?" ती थांबली. पदरानं नाक पुसलं. म्हणाली, "बापनी. सासरा कथाईन खंदाव व्हता, तो ते बठेल ऱ्हाये." आणि सासऱ्याला असं बसून खाणारा ठरवून पुन्हा जिथं सोडलं होतं तिथून रडायला लागली. लोकांना सवय झालेली.

लग्नातही तेच. पंगतीत सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसायचे, त्याला इतकं विचारायचे की त्याचं वरण गार व्हायचं आणि यांचं तर पानावरच सुकायचं. एका लग्नात नवरदेवाकडचा कुणी म्हणाला, बाबा तुम्ही कुणीकडचे, मुलीकडचे का मुलाकडचे? हे म्हणाले, "मी मरेल मानसेसकडना." त्या माणसानं जेवण सोडलं.

आता माझं सांगते, कारण पुढचं माझ्यामुळं झालं. माझं माहेर पाडळदा. मानमोडीची साथ आली त्यात चार दिवसांत आई, बाप आणि पाळण्यातला भाऊ गेला. मी पाचेक वर्षांची असेन. बापाच्या चुलत भावाच्या घरी वाढले. वाईट वागवलं नाही, चांगलंही नाही. बारा-तेराव्या वर्षी लग्न लावून दिलं आणि त्यांचं काम संपलं. आईचं मला एवढंच आठवत होतं की तिची उजव्या हाताची करंगळी आत वाकलेली होती. तोंड धुताना ती माझ्या गालाला लागायची. हे खरं का मी स्वप्नात पाहिलं, ते मला माहीत नव्हतं, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. आईचं नाव माहीत नव्हतं. यात नवल नाही. बायकोचं नाव नवरा घेत नाही, आणि गाव तिला तिच्या माहेराच्या नावानं ओळखतं. तिला सगळे कळसाडीवाली म्हणायचे, बाप 'अगं' म्हणायचा. मलाही सासरी पाडळदेवालीच म्हणायचे. कळसाडीत तिचं कुणी उरलं नव्हतं. एक भाऊ होता तो सुरतेकडं पोटाला गेला, पुन्हा आला नाही.

मी सासरी नांदायला आले तसं चुलत सासऱ्यांना नवीन वही उघडल्यासारखं झालं. पण विचारणार कसे? सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, नाकापर्यंत पदर, तोंड भिंतीकडं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वाट काढली. माजघरात मधोमध सागाचा खांब होता. ते खांबाच्या अलीकडं बसले, मी पलीकडं दळत होते. मला विचार म्हणून ते खांबाला सांगू लागले, "खाम, तिले पूस, पाडळदाम्हा तिन्हं कोन कोन शे?"

मी जातं थांबवलं. सासू चुलीपुढून म्हणाली, "सांग, खाम पुसी ऱ्हायना."

मी म्हटलं, "खाम, त्यासले सांग, कोनीच नही."

"खाम, तिन्ही मायनं नाव काय व्हतं?"

"कळसाडीवाली."

"हाई नाव नही. हाई ते गाव शे."

"मंग माले माहीत नही."

मग त्यांनी खांबाला विचारलं की आखाजीला ही आईची आगारी कुणाच्या नावानं टाकते? आखाजीच्या दुपारी आम्ही पितरांची घागर पुजतो आणि एकेकाचं नाव घेऊन निखाऱ्यावर तूप आणि घास टाकतो, ती आगारी. मी सांगितलं की काकाच्या घरी माझ्या आईची आगारी कुणी टाकलीच नाही. नावाशिवाय घास पोचत नाही म्हणतात. मी मनातल्या मनात 'माय' म्हणायचे. पण माय म्हटल्यावर किती जणींनी वळून पाहिलं असेल, आणि तिच्यापर्यंत काय आलं असेल, कुणास ठाऊक.

ते उठले, आणि जाता जाता म्हणाले, "खाम, तिले सांग, येती आखाजीले तिन्ही मायनं नाव लिसन आगारी पडी." सासू कडाडली, "सूनना माहेरना पितर आपला चुल्हावर? लोके काय म्हनतीन?" ते म्हणाले, "भाभी, त्या बाईले जावाले दुसरं घर नही." चुलत सासऱ्यांच्या बोलण्यापुढं सासू हरलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

त्या हिवाळ्यात ते कळसाडीला पाच-सहा खेपा गेले. शेवटच्या खेपेहून आले ते अंगणातूनच ओरडत आले, "खाम, सापडनं! तिले सांग, सापडनं!" चपला त्या दिवशी पायात होत्या. कळसाडीत एक सुईण होती, नव्वदीची, डोळ्यांनी गेलेली. तिच्याच हातावर आई जन्मली होती. तिला सगळं आठवत होतं. ते त्या दिवशी सहा भाकरी जेवले, मग शाई कालवून भिंतीवर खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलं, फुंकर मारून वाळवलं. म्हणाले, "पन खाम, आते सांगाव नही. आखाजीले सांगसू. घागरपुढे." त्यांना प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागायची. मी विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. पण खांबानं विचारल्याशिवाय सुनेनं आपणहून खांबाला काही विचारायचं नसतं. मी येता-जाता त्या कोपऱ्याकडं बघायचे. मला वाचता येत नव्हतं.

मग होळी आली, आणि यांना सातपुड्यातलं काठी गाव आठवलं. त्यांच्या आज्याचा एक भाऊ घरात भांडून पहाडावर निघून गेला होता, त्याची पुढची पिढी तिकडं असेल अशी त्यांची खात्री. काठीच्या होळीला सगळा सातपुडा एका जागी येतो, घरोघर हिंडायला नको, तिथंच सगळ्यांना विचारून टाकू, असा बेत. गेले. तिथं हजारोंनी माणूस, ढोल, हे अहिराणीत विचारणार, ते भिलीत सांगणार. आज्याचा भाऊ काही सापडला नाही. हिवताप सापडला. एका पावरा आदिवासीच्या झोपडीत महिना-सव्वा महिना पडून राहिले. त्या लोकांनी त्यांना जगवलं, तेवढं मात्र त्यांनी जन्मभर सांगितलं. पडल्या पडल्या त्या झोपडीतल्या म्हाताऱ्याचेही सात पिढ्यांचे बापआजे विचारून घेतले. नंतर सासूनं विचारलं, हे आपले कोण? तर आपले नसले म्हणून काय झालं अशा सुरात म्हणाले, "कोनाना तरी शेतच ना."

आता तो दिवस. आखाजीला दोन दिवस राहिलेले. आखाजीला सगळ्या लेकीसुना माहेरी जातात, म्हणून थोरली जाऊ गेलेली. मला माहेर नाही, म्हणून मी सासरीच. घर पोतारायचं काम सुनेचं, आणि घरात सून मी एकटी. सासू ओट्यावर गहू निवडत होती, यमुना अंगणातल्या निंबाला झोका बांधत होती. मी आधी शेणमाती आणि वरून पांढरी माती अशा तीन भिंती पोतारल्या. चौथी राहिली. तिच्यावर अक्षरं होती हे मला दिसत होतं, मी आंधळी नव्हते. पण आमच्याकडं भिंतीवर जे काही काढतात ते असंच असतं. नागपंचमीला नाग काढतात, श्रावणात जिवती काढतात, सण झाला की त्यावर पोतारा फिरतो आणि पुढच्या साली नवीन काढतात. जुनं ठेवणं बरं नाही म्हणतात. मला वाटलं हेही तसंच. पितरं येणार, घागर याच भिंतीपुढं मांडणार, त्यांना स्वच्छ जागा पाहिजे, मग चुलत सासरे येतील आणि नव्यानं लिहितील, माझ्या आईचं नावही त्यांना पाठ असेलच. उलट मला वाटलं, आपल्याला कुणी न सांगता आपण हे केलं, त्यांना बरं वाटेल. दुसरा हात दिला, तिसरा दिला. दरवर्षी ते स्वतः त्या भिंतीपुढं खाट टाकून बसायचे आणि बायकांना तीनच भिंती करू द्यायचे, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्या जावेला माहीत होतं ती माहेरी होती.

सासू पाणी प्यायला आत आली. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "अव माय, हाई काय कयं तुनी?" मग तिनं तांब्या खाली ठेवला, खाली बसली, आणि एवढंच म्हणाली, "गाडी येई ऱ्हायनी." खरंच गाडी अंगणात आली होती. पायथ्याच्या गावचा एक माणूस त्यांना गाडीत घालून घेऊन आला होता.

ते काठी टेकत आत आले. अर्धे उरलेले. भिंतीपुढं उभे राहिले. सासू म्हणाली, "भाऊजी, पहिले पानी प्या."

ते म्हणाले, "भाभी, बठा मरी गयात."

सासू म्हणाली, "ते पहिलेच मरेल व्हतात, भाऊजी."

"नही भाभी. आज मरनात."

मी खांबामागं होते. लपून राहण्यासारखी जागा नव्हती, आणि लपून काय होणार. मी म्हटलं, "खाम, त्यासले सांग, मी पोतारं."

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. वरपासून खालपर्यंत. माती अजून ओली होती. मग म्हणाले, "खाम, तिले सांग, हात चांगला शे तिना. एक बी रेघ दिसत नही."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आखाजीच्या दुपारी घागर मांडली, वर आंबा ठेवला, निखारे काढले, खापरावरच्या पुरणपोळ्या आणल्या. चुलत सासरे पाटावर बसले. भाऊ, बाप, आजा, पणजा यांची नावं त्यांना पाठ होती, ती घेतली. बायकोचं घेतलं, आईचं घेतलं, आजीचं घेतलं. घास टाकत गेले, धूर होत गेला. मग म्हणाले, "आते पाडळदेवालीनी माय." तुपात भिजवलेला घास हातात धरला, आणि सवयीनं मान वळवून भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडं पाहिलं. भिंत पांढरी होती. तेव्हा मला कळलं की मी काय पुसलं ते. घरात सगळ्यांनाच कळलं. तूप त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. ते डोळे मिटून बसले, ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. भिंतीला दिलं म्हणून डोक्यात ठेवलेलं नव्हतं, आणि जे थोडं असेल ते तापात गेलं. शेवटी "पाडळदेवालीनी माय" एवढंच म्हणून घास टाकला. धूर झाला. पोचला की नाही कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी, उभं राहता येत नव्हतं तरी, ते कळसाडीला गेले. संध्याकाळी आले. माजघरात बसले. "खाम, सुईण मरी गयी. आठ दिन झायात." मी दळत राहिले. मग ते म्हणाले, "खाम, नाव गयं. पन तिले सांग, भीतवर नावच लिखेल व्हतं, म्हातारीनी सांगेल बाकी बठं मन्हा ध्यानम्हा शे. तिन्ही माय गाडीम्हा जनमनी व्हती, वाटवर. धाकली व्हती तवय झाडवर चढे. चिंचवरथून पडनी, उजवा हातनी करंगळी मोडनी. वाकडीच ऱ्हायनी."

जातं माझ्या हातात थांबलं. मी खांबाला काही सांगितलं नाही. मी वळून त्यांच्याकडं पाहिलं, पदर सरकलेला, आणि होकार दिला, "हाव."

सासू चुलीपुढं होती. तिनं ऐकलं. चुलत सासरे जमिनीकडं बघत राहिले. मग खांबच बोलला असं धरून म्हणाले, "खाम, आज तू बोलना का?"

त्यानंतर सगळं नव्यानं सुरू झालं. पुन्हा तीच गावं, तीच म्हातारी माणसं, त्यातली निम्मी आता नव्हती. लोक म्हणायचे, मागल्या साली तर सांगितलं. हे म्हणायचे, मागल्या सालचं वाहून गेलं. कुणी पोतारलं ते त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. आता भिंत नको, कागद, असं ठरलं. पण तापानंतर त्यांचा हात थरथरायला लागला होता. एक दिवस त्यांनी चुलीतली राख ताटात पसरली, खांबाच्या पायाशी सरकवली, बोटानं एक अक्षर काढलं. "खाम, तिना हात चांगला शे. तिले म्हन, गिरव." सासू म्हणाली, सून लिहिणार का आता? तर म्हणाले, "पुसनारी तीच, लिखनारी बी तीच." असं मी लिहायला शिकले. शाळा कशी असते ते मी आतून पाहिलेलं नाही. मला आजही जोडाक्षरं नीट जमत नाहीत. पहिलं नाव त्यांनी मला लिहायला सांगितलं ते त्यांच्या बायकोचं. ते लिहून झाल्यावर कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला, मग म्हणाले, बरं आहे, पण मात्रा दुसरीकडं गेली.

आईचं नाव आठवायचं त्यांनी सोडलं नाही. शेतातून येता येता दारातूनच हाक यायची, "खाम, गोदा व्हई का?" मी भाकरी थापत म्हणायचे, माहीत नही. "राधा? सोना? जमना?" जेवता जेवता घास तोंडात नेताना थांबायचे, "भागा!" आणि मग स्वतःच मान हलवायचे. सासू म्हणायची, आता जगातल्या सगळ्या बायका संपतील. आखाजीला त्यांनी तर भलतंच केलं. त्या साली जी जी नावं सुचली होती त्या सगळ्या नावांनी एकेक घास टाकला. म्हणाले, एखादं तरी लागेल. पुढच्या साली आणखी वाढली. शेवटी शेवटी माझ्या आईच्या नावावर आमच्या चुलीत पुरणाची अख्खी पोळी जळायची. सासू कुरकुरायची आणि त्यासाठी एक पोळी जास्त लाटायची.

मधे खूप वर्षं गेली. माझी दोन पोरं गेली, एक देवीच्या रोगानं, एक असंच. मालक गेले, कापसात पान लागलं, म्हणजे साप चावला. तिन्ही वेळेला चुलत सासऱ्यांनी त्याच दिवशी कागद पुढं केला आणि खांबाला म्हणाले, "तिले सांग, लिख." मी लिहिलं. तिघांचीही गोष्ट लिहिली, काय खायला आवडायचं तेही लिहिलं. अक्षर हललं नाही. रडायचं ते नंतर. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता ते कागद मीच काढून बघते.

ते भुईमूग काढायच्या दिवसांत गेले. दोन दिवस अंगात कसकस होती, तिसऱ्या दिवशी उठले नाहीत. बायका जमल्या, हेल काढून रडल्या, चांगल्या रडल्या. पण मागं भिंतीला टेकून कुणी बसलेलं नव्हतं, मधेच थांबवून विचारणारं कुणी नव्हतं. रडणं सरळ चालत गेलं आणि लवकर संपलं. कागदावर त्यांचं नाव मीच लिहिलं. घेता येत नाही, लिहिता येतं. खाली गोष्ट काय लिहायची ते मात्र सुचेना, म्हणून हे एवढं लांबलं.

आखाजीला आता नातू आगारी टाकतो. त्यांचं नाव तो घेतो, मी ऐकते. माझ्या आईच्या नावांची यादी मी त्याला करून दिली आहे, तो ती वाचतो आणि घास टाकतो. भिंत अजून आहे. किती थर चढलेत त्यावर. खांबही आहे, वर वाळवी लागली आहे.

हे वाचणारं कुणी कळसाडीचं असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. तिनं तिच्या आईकडून ऐकलं असलं तरी चालेल. मानमोडीच्या आधी त्या गावातून एक मुलगी पाडळद्याला दिली होती. गाडीत जन्मलेली, चिंचेवरून पडलेली, उजव्या हाताची करंगळी वाकडी. तिचं नाव काय होतं तेवढं कळवा. कागदावर लिहून पाठवा, भिंतीवर लिहून ठेवू नका.